कृपा आणि गृहस्थाश्रम

१५२५ सालच्या जून महिन्याची १३ तारीख. जर्मनीतील एल्बे नदीच्या काठी वसलेल्या विटेनबर्ग या लहानशा विद्यापीठनगरीत, जवळजवळ रिकाम्या झालेल्या एका मठात, सायंकाळी मोजकी माणसे जमली होती. गावच्या चर्चचे धर्मगुरू बुगेनहागेन, धर्मशास्त्राचे अध्यापक युस्टुस योनास, कायदेपंडित आपेल, चित्रकार लुकास क्रानाख व त्याची पत्नी, एवढाच काय तो परिवार. समारंभ विवाहाचा होता. परंतु ना वाजंत्री, ना मिरवणूक. वराचे वय ४१ वर्षांचे होते आणि सुमारे २० वर्षांपूर्वी त्याने आमरण ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. वधू २६ वर्षांची होती. तिनेही वयाच्या सोळाव्या वर्षी तेच व्रत स्वीकारले होते. वराचे नाव मार्टिन ल्यूथर आणि वधूचे काथारिना फॉन बोरा. ते दृश्य पाहून आपल्याला अश्रू आवरता आले नाहीत, असे योनासने दुसऱ्याच दिवशी एका मित्राला कळविले.

हे अश्रू आनंदाचे की चिंतेचे, हे सांगणे अवघड आहे. संन्यासी पुरुषाने आणि संन्यासिनी स्त्रीने विवाह करावा, ही गोष्ट त्या काळच्या युरोपात केवळ नियमभंगाची नव्हती; ती पवित्र वस्तू भ्रष्ट केल्यासारखी होती. अशा जोडप्याच्या पोटी ख्रिस्ताचा वैरी जन्मास येईल, अशी लोकसमजूत होती. महाराष्ट्राला हा प्रसंग अगदीच परका वाटू नये. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीने वाळीत टाकले, आणि ज्ञानदेवादी भावंडांच्या माथी ‘संन्याशाची मुले’ हा शिक्का बसला, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने परतले, आणि अखेरीस त्यांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले. ल्यूथरने प्रायश्चित्त तर घेतले नाहीच. उलट, आपण ज्यापासून परतलो ती वाटच देवाकडे नेण्याचा दावा करू शकत नाही, असे त्याने जगाला सांगितले. हा उद्दामपणा होता की मुक्ततेचा उद्गार, हे समजण्यासाठी त्याच्या मठातील पहिल्या दिवसांकडे वळले पाहिजे.

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी आइस्लेबेन येथे झाला. बाप हान्स तांब्याच्या खाणीच्या धंद्यात हळूहळू वर आलेला कष्टाळू गृहस्थ होता. मुलाने वकील व्हावे आणि चांगल्या घरची सून आणावी, एवढी त्याची इच्छा. मुलगा एर्फर्टच्या विद्यापीठात कायद्याचे अध्ययन करू लागलाही. परंतु १५०५ च्या जुलैमध्ये घरून परतताना भर माळावर वादळाने त्याला गाठले, वीज जवळच कडाडली, आणि प्राणभयाने त्याच्या तोंडून संत ॲनच्या नावे नवस निघून गेला: वाचलो तर संन्यासी होईन. पंधरा दिवसांत तो ऑगस्टिनियन मठाच्या दारात उभा राहिला. बापाचा संताप अनावर झाला. भयातून जन्मलेला नवस देवाचा की सैतानाचा, असा जो प्रश्न त्या अडाणी बापाने पुढे मुलाला केला, तो मुलाच्या मनात कायमचा रुतून बसला.

मठात ल्यूथरने कसूर केली नाही. उपवास, जागरणे, थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण न घेता केलेली प्रार्थना, सारे त्याने नेमापेक्षा अधिक केले. पापांची कबुली देण्यास तो बसे, तेव्हा तासन्‌तास उठत नसे. त्याचा वडीलधारा गुरू श्टाउपिट्झ या बारीकसारीक पापांच्या यादीला कंटाळून जाई. पण ल्यूथरची अडचण खरी होती. पाप आठवले तर त्याची कबुली देता येईल; जे आठवतच नाही त्याचे काय? आणि जे सत्कृत्य नरकाच्या भयाने केले, त्यात देवाविषयी प्रेम किती आणि स्वतःची काळजी किती? जितके पुण्य करावे तितके त्या पुण्याच्या तळाशी स्वार्थच दिसे. देवाचे न्यायीपण हा शब्द ऐकला की त्याला कापरे भरे. कारण न्यायी देव म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा देव, असेच तो शिकला होता.

१५१२ साली तो धर्मशास्त्राचा आचार्य झाला आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवू लागला. आधी स्तोत्रसंहिता, मग प्रेषित पौलाचे रोमकरांस पत्र, त्यानंतर गलतीकरांस पत्र, असा त्याच्या व्याख्यानांचा क्रम होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, शुभवर्तमानात देवाचे न्यायीपण प्रकट होते, असा आशय आहे. ल्यूथर तेथे अडला. ज्या शब्दाने भय वाटते तोच शब्द शुभवार्ता कसा असू शकेल? रात्रंदिवस मनन केल्यावर त्याला उमगले ते असे: पौल ज्या न्यायीपणाविषयी बोलतो ते देव माणसाकडून वसूल करीत नाही, माणसाला देतो. भिक्षेकऱ्याच्या झोळीत दान पडावे तसे ते पडते. माणसाचे काम एकच, झोळी पुढे करण्याचे; त्या पुढे करण्याचेच नाव विश्वास. वृद्धापकाळी, १५४५ मध्ये, हा अनुभव सांगताना त्याने म्हटले आहे की स्वर्गाची दारे उघडून आपण आत आल्यासारखे वाटले.

कृपेवाचून तारण नाही, हे तर चर्च हजार वर्षांपासून सांगत आले होते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने पेलेजियसशी वाद केला तो याच मुद्द्यावर. मग ल्यूथरचे वेगळेपण कशात? भारतीय श्रोत्याला ते एका परिचित दृष्टान्ताने कळेल. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये दोन पक्ष पडले. माकडीचे पोर आईला स्वतःच्या हातांनी घट्ट धरून राहते, तद्वत जीवाने देवाला धरले पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. मांजरीचे पिल्लू मात्र स्वतः काहीच करीत नाही, आईच त्याला मानगुटीस धरून उचलते, तशी देवाची कृपा आहे, असे दुसरा. मध्ययुगीन चर्चची शिकवण, कृपेला अग्रस्थान देऊनही, मानवी सहकार्याला आणि पुण्याच्या संचयाला वाव ठेवणारी होती. ल्यूथर निःसंशय मांजरीच्या पिलाच्या पक्षाचा. १५१७ च्या ऑक्टोबर अखेरीस त्याने क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेये मांडली. क्षमा ही दान असेल, तर तिची विक्री हा व्यापार तर होताच, पण दात्याचा अपमानही होता.

येथे विवाहाचा संबंध प्रथम येतो, आणि तो एका उपमेच्या रूपाने येतो. १५२० साली ‘ख्रिस्ती मनुष्याचे स्वातंत्र्य’ या छोट्या ग्रंथात ल्यूथरने कृपेचे रहस्य समजावताना लग्नाचा दाखला घेतला. विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता एक होते. ख्रिस्त हा श्रीमंत वर. मानवी आत्मा ही दरिद्री, बदनाम, कर्जात बुडालेली वधू. विश्वासाची अंगठी बोटात जाताच तिचे कर्ज त्याचे होते आणि त्याचे ऐश्वर्य तिचे. तिने लायकी सिद्ध केली म्हणून त्याने तिला वरले असे नाही. त्याने वरले म्हणून ती मानाची झाली. ही उपमा त्याच्या पदरची नव्हे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याला पतिपत्नींच्या नात्याची जोड दिलीच आहे, आणि मध्ययुगातील गूढवाद्यांनीही तिचा विस्तार केला होता. परंतु गूढवाद्यांची वधू तपाने शुद्ध होऊन वराकडे जाई. ल्यूथरची वधू मळक्या लुगड्यानिशी उभी आहे, आणि वरच तिच्या दारी आला आहे.

आता पुढची पायरी पाहावी. मध्ययुगीन शिकवणीत जीवनाच्या तीन पायऱ्या मानल्या जात. पेरणाऱ्याच्या दृष्टान्तातील पीक शंभरपट, साठपट व तीसपट येते. त्याचा अर्थ संत जेरोमने असा लावला की शंभरपट फळ कुमारव्रतींना, साठपट विधवांना आणि तीसपट विवाहितांना. विवाह पवित्र होता, सात संस्कारांत त्याची गणना होती. तरीही तो दुबळ्यांचा मार्ग समजला जाई. धर्मगुरूंना तर विवाहाची मनाईच होती. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने त्यांचे विवाह मुळातच अवैध ठरविले होते. ल्यूथरने या उतरंडीच्या तळाचाच दगड काढला. तारण कृतीने मिळतच नसेल, तर ब्रह्मचर्याच्या कृतीने जास्त आणि संसाराच्या कृतीने कमी मिळते, हे म्हणण्याला अर्थ उरत नाही. १५२१ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात दडून असताना त्याने मठातील व्रतांवर ग्रंथ लिहिला आणि तो आपल्या बापाला अर्पण केला. ब्रह्मचर्य हे देणे ज्याला लाभले आहे त्याने ते आनंदाने पाळावे; परंतु देवाला त्या योगे ऋणी करता येईल अशा समजुतीने घेतलेले व्रत बंधनकारक नाही, हे त्याचे प्रतिपादन होते.

विवाहाच्या बाबतीतली त्याची भूमिका मात्र वरवर पाहता विसंगत वाटते. एकीकडे त्याने विवाहाला संस्कारांच्या यादीतून वगळले. इफिसकरांस पत्रातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘रहस्य’ असा आहे, लॅटिन भाषांतरात त्याला ‘संस्कार’ असे रूप आले, आणि त्या एका शब्दावर सारी इमारत उभी राहिली, असे त्याने दाखविले. विवाह हा ऐहिक व्यवहार होय, तो ख्रिस्तापूर्वीही होता आणि अख्रिस्ती लोकांतही तितकाच खरा आहे, असे तो म्हणे. दुसरीकडे त्याच विवाहाला त्याने मठापेक्षा मोठे तपःस्थान मानले. या दोन्ही गोष्टींचा उगम एकच आहे. विवाह कृपा मिळविण्याचे साधन नाही, म्हणून तो संस्कार नव्हे. आणि कृपा आधीच मिळालेली असल्यामुळे माणसाचे हात मोकळे झाले आहेत, ते आता शेजाऱ्यासाठी राबू शकतात. सर्वांत जवळचा शेजारी कोण? ज्याच्याशी घर केले तो, आणि पाळण्यात रडणारे मूल. १५२२ च्या विवाहावरील ग्रंथात त्याने असे चित्र रेखाटले आहे की बाप मुलाची मळलेली दुपटी धूत असतो, लोक त्याला बायकोचा गुलाम म्हणून हसतात, आणि देव मात्र साऱ्या देवदूतांसह त्याच्याकडे पाहून प्रसन्न होतो. तेव्हा ल्यूथर स्वतः अविवाहित होता; दुपट्यांचा अनुभव त्याला अजून यावयाचा होता.

हे विचार निम्बशेन गावच्या मठापर्यंत पोहोचले. काथारिना फॉन बोरा ही गरिबीत आलेल्या एका सरदार घराण्यातील मुलगी. २९ जानेवारी १४९९ हा तिचा परंपरेने मानलेला जन्मदिवस. आई वारल्यावर अगदी लहानपणीच तिला मठाच्या शाळेत ठेवण्यात आले, आणि पुढे निम्बशेनच्या सिस्टर्शियन मठात तिने व्रत घेतले. मुलीला हुंडा देण्याची ऐपत नसलेल्या घरांना मठ ही सोय होती. मुलीच्या इच्छेचा प्रश्न क्वचितच उपस्थित होई. १५२३ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री बारा धर्मभगिनी मठातून निसटल्या. टोर्गाउचा व्यापारी लेओनहार्ड कोप्प मठाला खारवलेली हेरिंग मासळी पुरवीत असे. त्याच्या गाडीतून त्या बाहेर पडल्या. तिघी आपल्या घरी गेल्या. नऊ जणी विटेनबर्गला आल्या. कायद्याने हा अपराध होता, आणि पळवून नेणाऱ्याला त्यासाठी देहान्त शासनही होऊ शकत असे.

या नऊ जणींची सोय लावणे ल्यूथरवर आले. एकेकीचे विवाह झाले, कोणी नातलगांकडे गेल्या. काथारिना मागे राहिली. न्यूरेंबर्गच्या एका सधन तरुणावर तिचे मन होते, पण त्याच्या घरच्यांना पळून आलेली धर्मभगिनी सून म्हणून नको होती. त्यानंतर ग्लात्स नावाचा एक वयस्क धर्मगुरू सुचविण्यात आला. तेव्हा ही निर्धन, निराधार मुलगी ल्यूथरचा मित्र आम्सडॉर्फ याच्याकडे गेली आणि स्पष्ट म्हणाली की ग्लात्सशी विवाह होणार नाही. स्वतः आम्सडॉर्फ किंवा डॉक्टर ल्यूथर तयार असतील तर तिची ना नाही. लहानपणापासून जिच्या आयुष्याचे निर्णय इतरांनी घेतले तिने हा एक निर्णय आपल्या हाती घेतला.

ल्यूथरचे मन विवाहाकडे नव्हते. पाखंडी म्हणून आज ना उद्या जिवंत जाळले जाण्याची त्याला खात्री होती. पण बापाची नातवंडे पाहण्याची इच्छा होती, आणि जे इतरांना शिकविले ते स्वतः आचरून त्यावर मोहोर उठवावी असे त्याला वाटू लागले. तिच्यावर आपण प्रेमाने वेडे झालेलो नाही, परंतु तिच्याविषयी आपल्याला आदर व जिव्हाळा आहे, असे त्याने आम्सडॉर्फला लिहिले. वेळ मात्र अत्यंत विपरीत होती. शेतकऱ्यांचे बंड नुकतेच चिरडले गेले होते. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी कापले गेले होते, आणि बंडखोरांना निर्दयपणे ठार करण्याचे आवाहन करणारी ल्यूथरची पुस्तिका लोकांच्या हातात होती. देशभर रक्ताचे पाट वाहत असताना याला लग्न सुचते, अशी टीका शत्रूंनी केली. आणि जवळचा सहकारी मेलांक्थॉन यानेही, कोणाच्या सहज वाचनात येऊ नये म्हणून ग्रीक भाषेत, तशीच नाराजी एका मित्राला कळविली. त्या पुस्तिकेचा कलंक ल्यूथरच्या नावावरून पुसला गेला नाही, आणि तो पुसण्याचे कारणही नाही.

विवाहापूर्वी वर्षभर आपल्या अंथरुणातील पेंढा कोणी बदलला नव्हता, अशी कबुली ल्यूथरने दिली आहे. काथारिनाने त्या पडक्या मठाचे घर केले. तिने बाग लावली, मासे पाळले, डुकरे पाळली, बिअर गाळली, विद्यार्थी खानावळीस ठेवले आणि पुढे त्सुल्सडॉर्फ येथे शेतीही सांभाळली. ल्यूथर पैशाच्या बाबतीत अगदी निष्काळजी. हातात येईल ते देऊन टाकी. माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट, ज्याच्या लाभासाठी एके काळी क्षमापत्रे विकली गेली, त्याने आहेर म्हणून २० गुल्डन पाठविले. ल्यूथर ते परत करावयास निघाला. काथारिनाने ते ठेवून घेतले. तो तिला थट्टेने ‘श्रीमान केटी’ म्हणे. आणि पौलाच्या पत्रांपैकी गलतीकरांस लिहिलेले पत्र, ज्यात कृपेचा सिद्धान्त सर्वांत निःसंदिग्धपणे आला आहे, त्याला तो आपली काथारिनाच म्हणे. ज्याच्या आयुष्यात सिद्धान्त आणि संसार यांची अशी सोयरीक झाली आहे, तोच असा विनोद करू शकतो.

परंतु कृपेची परीक्षा विनोदात होत नाही. त्यांना सहा मुले झाली. एलिझाबेथ वर्षाच्या आतच गेली. १५४२ च्या सप्टेंबरमध्ये तेरा वर्षांची माग्दालेना आजारी पडली आणि २० तारखेला बापाच्या हातांत तिने प्राण सोडला. आई त्याच खोलीत होती, पण दुःखाने जरा दूर उभी होती. मुलगी देवाकडे गेली आहे, तिला आता भय नाही, हे ल्यूथरला ठाऊक होते. ज्या शिकवणीसाठी त्याने पोप आणि सम्राट यांच्याशी वैर घेतले तीच ही शिकवण. तरीही, आत्म्याने आनंद मानावा आणि देहाने रडावे अशी आपली दशा झाली आहे, असे त्याने बोलून दाखविले. उभयतांनी देवाचे आभार मानावयास हवेत आणि ते जमत नाही, असे त्याने मित्राला लिहिले. मठातला तरुण ल्यूथर या अपुरेपणाला पाप म्हणून कबुलीच्या यादीत मांडून बसला असता. गृहस्थ ल्यूथरने तो अपुरेपणा तसाच देवासमोर ठेवला. कृपा म्हणजे रडू न येणे नव्हे, हे त्याला त्या मुलीच्या उशाशी कळले.

या शिकवणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विवाह हा ऐहिक व्यवहार म्हटल्यावर त्याचे नियमन राजसत्तेच्या हाती गेले, आणि राजसत्ता नेहमी निःस्वार्थी नसते. हेस्सेचा सरदार फिलिप याने पहिली पत्नी असताना दुसरी करण्याची परवानगी मागितली. ल्यूथर व मेलांक्थॉन यांनी गुप्तपणे ती दिली, आणि १५४० मध्ये प्रकार उघडकीस येऊ लागताच सत्य नाकारण्याचा सल्लाही ल्यूथरने दिला. हा त्याच्या चरित्रातील अत्यंत लाजिरवाणा प्रसंग होय. शिवाय, मठ बंद पडले तेव्हा स्त्रीला गृहिणीपदाचा मान मिळाला खरा, पण विद्येचा आणि स्वतंत्र जीवनाचा जो एक दरवाजा तिला उघडा होता तो मिटला. निम्बशेनच्या साऱ्याच भगिनी पळाल्या नव्हत्या. कित्येकींनी तेथेच राहणे पसंत केले, हेही विसरता कामा नये.

रोमन कॅथलिक चर्चचे उत्तर ट्रेंटच्या परिषदेतून आले. १५४७ मध्ये तिने जाहीर केले की तारणाचा आरंभ कृपेनेच होतो, पण मनुष्याची इच्छाशक्ती त्या कृपेला साथ देते, मुळीच निष्क्रिय नसते. १५६३ मध्ये तिने विवाह हा संस्कारच होय असे ठामपणे सांगितले, ब्रह्मचर्याची श्रेष्ठता कायम राखली, आणि धर्मगुरू व साक्षीदार यांच्या उपस्थितीवाचून झालेला विवाह अवैध ठरविला. त्यापूर्वी नुसत्या परस्पर वचनानेही विवाह ग्राह्य होत असे आणि फसवणुकीला वाव राही. तो या नियमाने कमी झाला. चार शतकांहून अधिक काळ हे दोन पक्ष समोरासमोर उभे होते. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मनुष्य देवाच्या पसंतीस उतरतो तो स्वतःच्या गुणामुळे नव्हे, कृपेमुळे, आणि ती कृपाच त्याला सत्कर्मास समर्थ करते, याविषयी दोहोंची मूलभूत एकवाक्यता त्यात नोंदली गेली. विवाह आणि ब्रह्मचर्य यांबद्दलचे मतभेद आजही आहेतच.

कृपा आणि विवाह यांचा हा प्रश्न मराठी घरातही एकदा उभा राहिला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. श्रद्धा बदललेल्या जोडीदाराने दुसऱ्याला टाकू नये, असा पौलाचा करिंथकरांस उपदेश आहे. पण येथे समाजानेच दोघांना वेगळे केले होते. वर्षे गेली, दोघे पुन्हा एका छपराखाली आली, आणि पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने तो धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. त्या घरात धर्ममतावर जिंकण्याहरण्याचे हिशेब फार काळ टिकले नाहीत. सांभाळून घेणे तेवढे टिकले.

१५४६ च्या फेब्रुवारीत ल्यूथर आइस्लेबेनला, आपल्या जन्मगावी, तंटा मिटवावयास गेला होता. काथारिना घरी काळजीने झुरत होती. तिची काळजी वाहणारा आपल्याला तिच्याहून चांगला भेटला आहे, तिने ते काम त्याच्याकडे सोपवावे, अशी थट्टा करणारी पत्रे त्याने तिला लिहिली. १८ तारखेला तो मरण पावला. त्याच्या जवळ सापडलेल्या शेवटच्या चिठ्ठीत, आपण सारे भिक्षेकरी आहोत, अशा आशयाचे शब्द होते. ज्या झोळीने त्याच्या शोधाला आरंभ झाला तीच अखेरपर्यंत त्याच्या खांद्यावर होती.

काथारिनाला मात्र झोळी अक्षरशः घ्यावी लागली. ल्यूथरने मृत्युपत्रात सारे तिच्या नावे केले होते आणि मुलांची पालकही तिलाच नेमले होते. सॅक्सनीच्या कायद्याला ते मान्य नव्हते. विधवेला पुरुष पालक हवा, मुले वेगळी करावीत, घर मोडावे, असा राजदरबाराचा विचार. ती हटली नाही. मुले तिने आपल्याजवळ ठेवली. मग युद्ध आले, दोनदा तिला पळावे लागले, शेतीची राखरांगोळी झाली. राजांकडे साहाय्यासाठी तिने अर्जांवर अर्ज केले. १५५२ मध्ये विटेनबर्गात प्लेग शिरला तेव्हा ती मुलांसह टोर्गाउकडे निघाली. वाटेत घोडे बुजले, ती गाडीतून पडली, आणि २० डिसेंबरला टोर्गाउ येथे तिचा अंत झाला. एकोणतीस वर्षांपूर्वी मासळीच्या गाडीतून ती सुटली होती ती त्याच गावच्या व्यापाऱ्याच्या हाताने. गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये तिची समाधिशिला आहे. तिच्यावर कोरलेली काथारिना हातात पुस्तक धरून उभी आहे, आणि अंगावर वस्त्र आहे ते गृहिणीचे.